उंदराची जीभ आणि उंदराचे घड्याळ

महालातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना उंदरांची ओळख करून देण्याची गरज नाही. केळीबाग रोडवरून आतल्या एखाद्या गल्लीत शिरले की सागवानी तुळया, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि खाली किराण्याचे दुकान. उंदराला आणखी काय हवे? दुकानदार पिठाच्या गोळ्यांत औषध घालून ठेवतात. पहिल्या रात्री दोन-चार उंदीर मरतात, दुसऱ्या रात्री एखादा, आणि मग गोळ्या सकाळी जशाच्या तशा सापडतात. बाजूचे शेंगदाणे मात्र संपलेले असतात. घरातली जुनी माणसे सांगतात की उंदराला सगळे कळते, त्याच्यासमोर औषधाचे नाव काढू नये.

त्याला नाव कळत नाही, चव कळते. औषधाचा लहानसा घास खाऊन आजारी पडलेला पण वाचलेला उंदीर ती चव विसरत नाही. ही आठवण त्याच्या डोक्यात कशी बसते आणि तिच्यावर दिवसाच्या वेळेचाही ठसा असतो का, हा आजचा विषय. त्यासाठी बाल्टिमोरच्या एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. कर्ट रिक्टर यांनी जवळजवळ सत्तर वर्षे उंदीर पाळले, तोलले, जागवले, अनेकदा मारलेही. उंदराची जीभ आणि उंदराच्या शरीरातले घड्याळ हे दोन्ही विषय विज्ञानात आणणाऱ्यांत त्यांचे नाव वरचे आहे.

रिक्टर यांचा जन्म १८९४ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले, घरचा लोखंडकामाचा कारखाना. वडील लवकर गेले. कारखान्यात वावरलेल्या या मुलाला अवजारांची गोडी लागली ती कायमची. पुढे प्रयोगशाळेतले पिंजरे, चाके, नोंद घेणारी यंत्रे यांतले बरेच काही त्यांनी स्वतःच्या हाताने बनवले. इंजिनिअर व्हायचे म्हणून ते जर्मनीत ड्रेस्डेनला गेले, पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना परतावे लागले. मग हार्वर्ड. तिथे मन इंजिनिअरिंगवरून उडाले आणि मानसशास्त्राकडे वळले. १९१७ मध्ये पदवी, थोडी लष्करी सेवा, आणि १९१९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन यांच्याकडे.

वॉटसन म्हणजे त्या काळचे मोठे नाव. प्राण्याचे मन दिसत नाही, वागणे दिसते, म्हणून वागण्याचाच अभ्यास करायचा, असे सांगणारे. नव्या विद्यार्थ्याला पिंजऱ्यातले उंदीर मिळाले आणि फारशा सूचना मिळाल्या नाहीत. काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. रिक्टर बघत बसले. इतरांनी उंदराला चक्रव्यूहात सोडले असते, शॉक दिला असता, काहीतरी शिकवले असते. रिक्टर यांना पडलेला प्रश्न वेगळा होता: याला कोणीच काही करायला सांगत नाही, तरी हा मध्येच उठून पळायला का लागतो?

पिंजऱ्याखाली हालचाल टिपणारी साधने बसवली, बाजूला पळायचे चाक जोडले, आणि दिवसरात्र नोंद सुरू झाली. उंदीर मनात येईल तेव्हा पळत नव्हता. त्याच्या उठण्याला, खाण्याला, पळण्याला ठरावीक ठेका होता. दिवसा झोप, अंधार पडताच धावपळ, आणि त्या धावपळीतही थोड्या थोड्या वेळाने येणाऱ्या लाटा. हा ठेका बाहेरून आलेला नसून शरीराच्या आतून येतो, अशी शंका त्यांना तेव्हाच आली. १९२१ मध्ये याच कामावर डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात वॉटसन एका खाजगी प्रकरणामुळे विद्यापीठ सोडून गेले होते. त्याच संस्थेतल्या फिप्स मनोरुग्णालयाचे प्रमुख अ‍ॅडॉल्फ मायर यांनी या तरुणाला प्रयोगशाळा सोपवली. रिक्टर मरेपर्यंत तिथेच राहिले.

जिभेची गोष्ट सुरू होते मिठापासून. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या की शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे वाहून जाते. असे उंदीर एरवी काही दिवसांतच मरतात. रिक्टर यांनी त्यांच्यापुढे दोन नळ्या ठेवल्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मिठाचे. ग्रंथी काढलेल्या उंदरांनी मिठाचे पाणी भरपूर प्यायले आणि ते जगले. १९३६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका प्रयोगात कॅल्शियमचा समतोल राखणाऱ्या ग्रंथी काढल्या, तर उंदीर कॅल्शियमच्या पाण्याकडे वळले. डॉक्टरला रक्त तपासल्यावर जे कळते, ते उंदराची जीभ रोज ठरवत होती.

याच काळात एका मुलाची हकीकत पुढे आली. वैद्यकाच्या पुस्तकांत ती आजही सापडते आणि वाचताना अस्वस्थ करते. साडेतीन वर्षांचा मुलगा. तान्हा होता तेव्हापासून मीठ चाटायचा, बिस्किटावरचे मीठ आधी खायचा, घरात मीठ कुठे ठेवतात हे त्याला नेमके ठाऊक. आईवडील त्याला हवे तेवढे मीठ देत होते. वयाच्या मानाने शरीरात फार लवकर बदल दिसू लागले म्हणून त्याला रुग्णालयात दाखल केले. तिथे इतर मुलांना मिळते तेच जेवण त्यालाही मिळू लागले. आठवडाभरात तो गेला. शवचिकित्सेत दिसले की त्याच्या अधिवृक्क ग्रंथींत मीठ धरून ठेवणारा भाग जवळजवळ उरलाच नव्हता. बालरोगतज्ज्ञ लॉसन विल्किन्स आणि रिक्टर यांनी १९४० मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. हे मूल इतकी वर्षे स्वतःच्या जिभेच्या जोरावर जगले होते. मुलांचे हट्ट पुरवावेत असा याचा अर्थ नाही. दहा रुपयांच्या चिप्सच्या पाकिटासाठी रडणाऱ्या मुलाच्या ग्रंथी बहुधा ठणठणीत असतात. पण लहान मूल सतत, विचित्र वाटावे इतके मीठ मागत असेल, वजन वाढत नसेल, उलट्या होत असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

चवीचा पाठलाग करतानाच रिक्टर यांच्या हाती विष लागले. फिनाइलथायोकार्बामाइड नावाचा एक पदार्थ आहे. काहींना तो जहर कडू लागतो, काहींना त्याची चवच लागत नाही. ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून त्याची पूड उडाली आणि बाजूच्या सहकाऱ्याने तोंड वाकडे केले, तेव्हा हे लक्षात आले. उंदरांना तो कडू लागतो का हे बघायला रिक्टर यांनी किंचितशी पूड त्यांच्या जिभेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदीर मेलेले होते.

तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. अमेरिकेत उंदरांसाठी वापरले जाणारे औषध भूमध्य सागराच्या काठच्या एका कांद्यासारख्या वनस्पतीपासून बनत असे. आपल्याकडच्या कोळकांद्याची ती जवळची नातेवाईक. युद्धामुळे तिचा पुरवठा तुटला. शत्रू उंदरांमार्फत रोगजंतू पसरवेल ही धास्तीही होती. भारतात ही धास्ती कल्पनेतली नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने पुढच्या काही वर्षांत नागपूरही सोडले नाही, आणि उंदरावरच्या पिसवा तो रोग माणसापर्यंत आणतात हे ज्या प्रयोगांनी पक्के झाले त्यांतले महत्त्वाचे काम मुंबईत परळला झाले होते. सरकारने रिक्टर यांना नवे औषध शोधायला सांगितले. कडू औषध उंदीर खाणार नाही, म्हणून त्याच कुळातला पण चव नसलेला पदार्थ हवा होता. तो सापडला, अल्फा-नॅफ्थिलथायोयुरिया. त्याच्या आद्याक्षरांवरून नाव पडले अँटू. त्याने उंदराच्या फुप्फुसांत पाणी भरते.

बाल्टिमोरच्या वस्त्यांत, बहुतेक गरीब वस्त्यांत, हे औषध घालण्याची मोठी मोहीम निघाली. प्रयोगशाळेतला माणूस रात्री गल्लीबोळांत फिरू लागला. मेलेल्या उंदरांचे ढीग निघाले, आणि मागोमाग आपल्या दुकानदारांना ठाऊक असलेली अडचण निघाली. थोडेसे खाऊन वाचलेले उंदीर पुन्हा त्या खाद्याला तोंड लावेनात. काहींच्या शरीराला औषधाची सवयही झाली. शिवाय अँटू चालते ते मुख्यतः गटारात राहणाऱ्या मोठ्या तपकिरी उंदरावर. आढ्यावरून पळणाऱ्या आपल्या घरातल्या काळ्या उंदरावर त्याचा परिणाम फारच कमी. पुढे त्यातल्या भेसळीमुळे कर्करोगाचा धोका दिसला आणि ते मागे पडले. नको असताना उंदीर पकडणारा माणूस, अशा अर्थाचे वर्णन रिक्टर यांनी नंतर स्वतःचे केले, ते याच मोहिमेमुळे.

या मोहिमेतून त्यांना जंगली उंदीर भेटला. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर पिढ्यानपिढ्या आयते खाऊन सुस्तावलेला. गल्लीतला उंदीर नवीन पदार्थ दिसला की आधी लांबून हुंगतो, मग चिमूटभर खाऊन थांबतो. त्याचे कारण त्याच्या पोटात आहे. उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेले परत काढता येत नसेल, तर गिळण्याआधीच सावध असायला हवे आणि झालेली चूक जन्मभर लक्षात राहायला हवी.

ही आठवण नेमकी कशी बनते हे दाखवण्याचे श्रेय दुसऱ्या माणसाचे. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या घरातून आलेले जॉन गार्सिया किरणोत्साराचा उंदरांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. किरणांच्या माऱ्यात असताना उंदरांनी जे गोड पाणी प्यायले, त्याला ते पुढे तोंड लावत नव्हते. १९५५ मध्ये हे छापून आले. १९६६ मध्ये त्यांनी आणखी पुढचे दाखवले. चव आणि आजार यांच्यात तासांचे अंतर असले तरी उंदीर दोष चवीलाच देतो. त्याच वेळी लागलेल्या दिव्याला किंवा वाजलेल्या आवाजाला देत नाही. शिकण्यासाठी दोन गोष्टी लागोपाठच घडाव्या लागतात, असे तोवर मानले जाई. जाणकारांनी गार्सिया यांच्यावर विश्वास ठेवायला बरीच वर्षे घेतली. खरे तर लग्नाच्या पंगतीत खाल्लेला मठ्ठा रात्री बाधला तर पुढे मठ्ठ्याचाच वास नकोसा होतो, मांडवातल्या बँडचा आवाज नव्हे, हे कोणीही सांगितले असते.

तोपर्यंत रिक्टर परत आपल्या पहिल्या प्रेमाकडे, म्हणजे घड्याळाकडे वळले होते. प्रश्न साधा होता: उंदराला उजेड-अंधार कळलाच नाही तर त्याचा दिवस चोवीस तासांचा राहील का? त्यांनी उंदरांची दृष्टी काढून घेतली. हे उंदीरही रोज जवळजवळ ठरल्या वेळी उठून पळत होते. जवळजवळ एवढ्यासाठी, की प्रत्येकाचे घड्याळ रोज काही मिनिटे पुढे किंवा मागे सरकत असे. दिवसाची नोंद असलेली कागदाची पट्टी एकाखाली एक चिकटवली की तिरकी रेघ दिसे, आणि ती रेघ महिनोन्महिने सरळ जाई. मग रिक्टर यांनी हे घड्याळ बंद पाडायचा चंगच बांधला. ग्रंथी काढल्या, भूल दिली, दारू पाजली, उपाशी ठेवले, शॉक दिले, शरीर थंडगार केले. घड्याळ चालूच. शेवटी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या एका भागाला इजा केल्यावरच रेघ विस्कटली. १९६७ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. नेमकी जागा १९७२ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवली. डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, हजारो चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके. आपल्याही मेंदूत ते तिथेच असतात. रात्रपाळी करणाऱ्याची भूक आणि झोप बिघडते ती याच घड्याळाशी चाललेल्या भांडणामुळे.

यातले बरेच प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९५७ चा त्यांचा पाण्यातल्या उंदरांचा प्रयोग तर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आशेची महती सांगायला फिरत असतो. त्यात तपशिलाची मोडतोड असतेच, शिवाय भांड्यात बुडून मेलेल्या उंदरांना प्रेरणादायी ठरवणे मला तरी जमत नाही.

रिक्टर अधिकृतरीत्या निवृत्त झाल्यावरही प्रयोगशाळेत येत राहिले. डिसेंबर १९८८ मध्ये, ९४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामाचे दोन धागे, चव आणि वेळ, एकत्र विणणारा एक देखणा प्रयोग त्यानंतर स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठात झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांना दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी प्यायला मिळे. त्यांतल्या एका वेळी चवीचे पाणी प्यायल्यावर मळमळ आणणारे लिथियमचे इंजेक्शन दिले जाई. दुसऱ्या वेळी तेच पाणी, पण इंजेक्शन नाही. काही फेऱ्यांनंतर उंदीर ज्या वेळी त्रास झाला होता त्या वेळी ते पाणी टाळू लागले, आणि दुसऱ्या वेळी पिऊ लागले. पाणी तेच होते, पिंजराही तोच होता. बदललेले होते फक्त त्यांच्या आतले घड्याळ.

त्याच गटाने नंतर आणखी एक गोष्ट दाखवली. ओळखीच्या चवीचा तिटकारा सहजासहजी बसत नाही, हे आधीपासून माहीत होते. रोज खातो त्या भाकरीवर आपणही पटकन संशय घेत नाही. पण उंदराला संध्याकाळची म्हणून ओळखीची असलेली चव सकाळी मिळाली आणि मग मळमळ झाली, तर ती ओळख पुरेशी कामी आली नाही आणि तिटकारा जोरात बसला. म्हणजे ओळख होती ती संध्याकाळच्या चवीशी. जगण्याच्या दृष्टीने पाहिले तर यात अर्थ आहे. सकाळी ताजे असलेले दूध उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत नासते. पदार्थ कोणता, एवढेच लक्षात ठेवून भागत नाही.

आता परत पिठाच्या गोळ्यांकडे. आपल्याकडे झिंक फॉस्फाइडची काळी पूड सर्रास वापरतात. ती काही तासांत काम करते, म्हणूनच वाचलेल्या उंदराला चवीचा धडा मिळतो. कृषी खात्याचे लोक आधी दोन-तीन दिवस बिनविषारी खाद्य ठेवायला सांगतात ते चव ओळखीची व्हावी म्हणून. ग्रॅनडाचे निष्कर्ष पाहता हे खाद्य आणि नंतरचे विषारी खाद्य एकाच वेळी, म्हणजे संध्याकाळी, ठेवणे शहाणपणाचे. प्रयोगशाळेतले सगळे वाड्यात तसेच उतरेल असे नाही, पण उंदीर रात्री फिरतो आणि दिवसा ठेवलेले खाद्य चिमण्या, खारी, मांजरी यांच्या पोटात जाण्याची भीती असते, त्यामुळे संध्याकाळच बरी. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. इतक्या उशिरा झालेल्या त्रासाचा संबंध त्याला चवीशी जोडता येत नाही. म्हणून एका खेपेला झिंक फॉस्फाइड वापरून झाले की लगेच तेच पुन्हा घालू नये, उरलेल्यांसाठी या वड्या वापराव्यात.

हाच चवीचा धडा माणसाला रुग्णालयात मिळतो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या इलीन बर्नस्टाइन यांनी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना आधी एका वेगळ्याच चवीचे आइस्क्रीम दिले. नंतर ती मुले ते आइस्क्रीम टाळू लागली, मळमळ औषधाने झाली हे ठाऊक असूनही. केमोच्या आधी घरून लाडाने नेलेली पुरणपोळी किंवा वडाभात अशा वेळी कायमचा नावडता होऊ शकतो. आवडीचे पदार्थ त्या दिवशी बाजूला ठेवावेत, साधे आणि थोडे खावे. जेवण आणि औषध यांच्या मध्ये एखादी तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळली तर दोष तिच्यावर जातो आणि जेवण सुटते, असेही पुढच्या अभ्यासात दिसले. डॉक्टरांना विचारून हे करून बघण्यासारखे आहे.

आणि उंदरांचे औषध घरात असेल तर ते स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याजवळ ठेवू नका. झिंक फॉस्फाइडवर थेट उतारा नाही. टूथपेस्टसारखी दिसणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर एक-दोन दिवस काहीच झाले नाही असे भासवून नंतर यकृत निकामी करते. मुलाने चाटल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवत बसू नका. औषधाचे वेष्टन सोबत घ्या आणि त्याला तसेच मेडिकलला न्या.